रेणूंचा बायोडेटा

तुमच्या मोबाइलची स्क्रीन ओएलईडी असेल, तर तिच्यात सेंद्रिय, म्हणजे कार्बनच्या रेणूंचे सेमीकंडक्टर आहेत. १९८७ मध्ये कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी या स्क्रीनचा पाया घातला. या रेणूंचा फंडा भारी आहे. रुब्रीन घ्या. नीट रचलेल्या स्फटिकात त्यातून विद्युतभार झपाट्यानं धावतो. विस्कळीत थरात तोच रखडतो. आपल्या संभाजीनगरच्या हिमरूसारखंच: सूत-रेशीम तेच, खेळ सगळा विणीचा!

नवा रेणू कसा निघेल, हे आता मशीन लर्निंगला विचारतात. अडचण अशी, की एका रेणूचे हजारो गुणधर्म मांडता येतात, पण प्रयोगात तपासलेले रेणू मोजकेच. मग एखादा गुणधर्म निव्वळ योगायोगानं जुळतो. म्हणून 'फीचर सिलेक्शन': कामाचे थोडे गुणधर्म निवडायचे आणि मशीननं न पाहिलेल्या रेणूंवर पारखायचे.

हे वाचताना मला आईची एक्सेल शीट आठवली. माझ्यासाठी आलेली स्थळं ३, कॉलम २२! तिन्ही फिसकटली. तिन्ही मुलं वाळूज एमआयडीसीतली. आईचा निष्कर्ष: वाळूज बाद.

आता चौथं स्थळ आलंय. वाळूजचंच. आई नाराज आहे, पण मी रविवारी कॅनॉटला त्याला भेटणार आहे. ३ स्थळांवरून अख्खी एमआयडीसी कशी बाद करायची? आणि दोन माणसं शेजारी बसली की काय होतं, तो कॉलम बायोडेटात नसतोच.