भंगारात गेलेला नांगर

माझ्या बाबांनी जहाजाचा एक जुना नांगर भंगारात विकला होता, हे मला सिंगापुरात कळलं आणि ते अजून डाचतंय.

बाबा विजयदुर्गाजवळच्या गिर्ये गावचे. जन्मभर होड्या बांधल्या. इथं माझ्याकडे आले तेव्हा पेद्रा ब्रांकाच्या बुडीत जहाजांतल्या वस्तू दाखवायला मी त्यांना घेऊन गेले. सिंगापूरच्या पूर्वेला भर समुद्रात हा खडक आहे, वर १८५१ सालचं हॉर्सबर्ग दीपगृह. २०१५ मध्ये तिथं पाणबुड्यांना चिनी मातीच्या थाळ्या सापडल्या. त्यांनी त्या अभ्यासकांना दाखवल्या, म्हणून पुढचं सर्वेक्षण आणि उत्खनन झालं.

पहिलं जहाज चौदाव्या शतकातलं. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. युआन काळातली निळी-पांढरी भांडी इतकी निघाली, की नोंद झालेल्या दुसऱ्या कुठल्याच बुडीत जहाजात तेवढी नाहीत. बाबांनी भांड्यांकडे फारसं पाहिलंच नाही. "पण लाकूड खंय?" लाकूड उरलेलं नाही. उघडं राहिलेलं लाकूड समुद्रात कीड खाऊन टाकते. वाळूत किंवा मालाखाली दबलेलं असेल तरच टिकतं.

दुसरं जहाज २०१९ मध्ये सापडलं : 'शाह मुंचर', हिंदुस्थानात बांधलेलं, १७९६ साली चीनहून परतताना बुडालेलं. त्यात नऊ तोफा आणि चार नांगर मिळाले. हे वाचून दाखवताच बाबा म्हणाले, "असलोच एक आमच्या जाळ्यात गावलो होतो."

मग मी खोदून खोदून विचारलं. वाघोटन खाडीच्या मुखाबाहेर जाळं अडकलं, फाटलं. चौघांनी नांगर ओढून किनाऱ्याला आणला. माणसाहून उंच. वरच्या आडव्या दांड्याचं लाकूड शाबूत होतं. लाकूड! त्यावरून झाड कळलं असतं, कदाचित काळही. कुठल्या जहाजाचा, कुणाचा, कुणी विचारलं नाही. लाकूड चुलीत गेलं, लोखंड वजनावर. परतताना गाडीत मी बाबांवर चिडले. तुम्हाला, होडी बांधणाऱ्या माणसाला, हे कळायला नको? आसपासची माणसं बघायला लागली.

बाबा शांतपणे म्हणाले, "फाटलेला जाळां कोण भरून देतलो? त्या पैशांत नवा घेतलां."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षी माझी शाळेची फीसुद्धा त्याच जाळ्यातून आली असणार. तरी राग गेलेला नाही, आणि तो बाबांवर आहे असंही आता वाटत नाही. किनाऱ्यावर कुणाला तरी हे सांगायचं असतं, हेच गावात कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे हे काम होतच नाही असं नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं सुंची रीफवरच्या बुडीत जहाजातून तोफा आणि हस्तिदंत वर काढले आहेत. पण समुद्राचा तळ रोज चाचपतं ते मच्छीमाराचं जाळं.

तेव्हा कोकणातल्या दर्यावर्दी भावांनो, जाळ्यात असं काही आलं तर फोटो काढा, जागा लिहून ठेवा, पुरातत्त्व विभागाला कळवा. लाकूड कोरडं पडू देऊ नका, खाऱ्या पाण्यातच ठेवा. आणि सरकारनं आधी फाटलेल्या जाळ्याची भरपाई जाहीर करावी. त्याशिवाय हे कुणी करणार नाही.