पेढीच्या संगणकावरील दुसरी खिडकी

परभणीच्या नव्या मोंढ्यातील पेढीवर हिशेबाचे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, यावर घरात आठ-आठ दिवस खल होतो. सनदी लेखापालांचा सल्ला घेतला जातो, जालन्याच्या व्याह्यांकडे काय चालते ते पाहिले जाते, मुनीमजींना ते जमेल की नाही याची चाचपणी होते. त्याच संगणकाच्या पडद्यावर हिशेबाच्या शेजारी दुसरी एक खिडकी दिवसभर उघडी असते. तिच्यातून सोयाबीनचा भाव जातो, तुरीच्या नमुन्याचे छायाचित्र येते, ट्रकचा क्रमांक आणि बिल्टी येते, लातूरच्या दालमिलचा होकार येतो. ही खिडकी मात्र कोणी विचार करून निवडलेली नसते. घरातील एखाद्या मुलाने दुपारच्या फावल्या वेळात वडिलांचा मोबाइल घेऊन क्यूआरचा चौकोन टिपलेला असतो, आणि त्या दिवसापासून पेढीचा निम्मा व्यवहार तिच्यातून वाहू लागतो.

निरोपाचे साधन पारखून घेणे व्यापाऱ्याला पूर्वी चांगले ठाऊक होते. कापसाच्या व्यापारात तारेचे दिवस होते, तेव्हा शब्दागणिक पैसे पडत. म्हणून पेढ्या आपापसात सांकेतिक शब्द ठरवून घेत. तारेने झालेला सौदा मागाहून पोस्टाच्या पत्राने पक्का केला जाई. वेग तारेचा आणि पुरावा पत्राचा, अशी ती जोडी होती. सरकारी तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. पत्राने पक्के करण्याची सवय त्याच्या कितीतरी आधी सुटली होती.

संगणकावरील निरोपाची पहिली पिढी मोबाइलच्या आधीची आहे. 1996 मध्ये इस्रायलमधून आयसीक्यू आले, 1998 मध्ये याहूचे, 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टचे एमएसएन मेसेंजर, 2005 मध्ये गूगल टॉक. त्यांना मोबाइल क्रमांक लागत नसे. एक नाव आणि एक परवलीचा शब्द पुरेसा होता, आणि ते नाव पेढीचेही असू शकत होते. या साऱ्यांची आज स्मारकेच उरली आहेत. एमएसएन मेसेंजर बहुतेक देशांत 2013 मध्ये मिटले, याहू जुलै 2018 मध्ये, आयसीक्यू जून 2024 मध्ये आणि स्काइप मे 2025 मध्ये. यांतील याहूची हकिगत व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जगभरातील खनिज तेलाचे दलाल वर्षानुवर्षे त्याच्यावरच भाव बोलत. ऑगस्ट 2016 मध्ये कंपनीने संगणकावरील जुनी आवृत्ती बंद केली, तेव्हा लक्षावधी पिंपांचे सौदे बोलणाऱ्या या मंडळींना घाईघाईने दुसरे साधन शोधावे लागले. फुकट मिळालेल्या साधनाच्या मालकाला ते केव्हाही काढून घेण्याची मुभा असते, हे त्यांना त्या उन्हाळ्यात उमगले.

मोंढ्यातील एका आडत पेढीवर हा प्रश्न निराळ्याच वाटेने उभा राहिला. तीन भावांचे एकत्र कुटुंब. थोरल्यांना घरात आणि बाजारात सगळेच बाबूजी म्हणतात. शेतकरी, दलाल, ट्रान्सपोर्टवाले या सर्वांकडे त्यांचाच क्रमांक असल्यामुळे पेढीचा संगणक त्यांच्याच व्हॉट्सॲपला जोडलेला होता. सोयाबीनच्या हंगामातील एक दुपार होती. लिलाव आटोपला होता, समोर गादीवर दलाल बसले होते आणि मुनीमजी पडद्यावर पाहून ट्रकचा क्रमांक मोठ्याने वाचून दाखवीत होते. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेचा निरोप उमटला. बाबूजींच्या पत्नीचे नाव, तपासणीचे नाव आणि निष्कर्षाची पहिली ओळ. मुनीमजी तीस वर्षांचे जुने. ते एकदम गप्प झाले आणि त्यांनी खिडकी खाली केली. पण जे वाचले जायचे ते वाचले गेले होते. बाबूजी त्या वेळी बँकेत होते. संध्याकाळी शेजारच्या गल्लीतील एक बाई धीर देण्यासाठी घरी आल्या, आणि स्वतःच्या आजाराचे नाव त्या माउलीने प्रथम ऐकले ते परक्या तोंडून.

आजार वेळीच सापडला होता. उपचार झाले आणि प्रकृती सुधारली. घराला लागलेली टोचणी मात्र गेली नाही. पुण्याहून आलेल्या पुतण्याला बाबूजींनी एवढेच विचारले, "बेटा, ही खिडकी दुकानाची की घराची?"

"बाबूजी, नंबर आपला आहे," तो म्हणाला, "म्हणून दोन्हींची."

त्या उत्तरात सगळा पेच होता. व्हॉट्सॲपचे संगणकावरील रूप 21 जानेवारी 2015 रोजी आले ते मोबाइलची सावली म्हणून. आता मोबाइल बंद असला तरी जोडलेला संगणक काही दिवस चालतो आणि एका क्रमांकाला चार उपकरणे जोडता येतात. पण खाते आजही माणसाच्या क्रमांकाचेच असते. एप्रिल 2016 पासून निरोप वाटेत कोणालाही वाचता येत नाही. हे कुलूप पक्के आहे, पण ते वाटेवरचे आहे. पडद्यासमोर बसलेल्या माणसापुढे त्याचा काही उपयोग नाही. परभणीत कचेरीच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत रोज हे घडते. कागद छापण्यासाठी लोक तिथल्या संगणकाला आपले खाते जोडतात, छापील कागद घेऊन निघून जातात आणि खाते तिथेच उघडे राहते. मोबाइलमधील 'लिंक्ड डिव्हाइसेस' ही यादी उघडून पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

मग एका रविवारी त्या घरात निवडीची बैठक बसली. पुतण्याने प्रथम टेलिग्राम सुचवले. संगणकावर ते मोबाइलवाचून स्वतंत्र चालते, मोठ्या फाइली जातात, जुने सगळे निरोप नव्या संगणकावरही दिसतात. कारण उघड आहे: साधे संवाद कंपनीच्या सर्व्हरवर साठवलेले असतात आणि त्यांना दोन टोकांमधले कुलूप नसते. धाकट्या भावांना सोय पसंत पडली. पण टेलिग्राममध्ये दोघांच्या संवादातील कोणताही निरोप, कितीही जुना असो, दोघांपैकी कोणीही दोन्हीकडून पुसू शकतो आणि मागे खूणही राहत नाही, हे कळले तेव्हा मुनीमजींनी चष्मा काढला. "म्हणजे समोरचा माणूस आपल्या वहीतले पान फाडू शकतो?" त्यांच्या या प्रश्नावर त्या सॉफ्टवेअरचा निकाल लागला. व्हॉट्सॲपमध्येही पाठवणाऱ्याला आपला निरोप सुमारे दोन दिवसांपर्यंत सर्वांकडून काढता येतो आणि 15 मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. पण काढल्याची अथवा बदलल्याची खूण तिथे उरते. भाव वाढला की दिलेला शब्द विसरणारी माणसे कोणत्याही बाजारात असतात. त्यांच्यासाठी ही खूणही मोलाची आहे.

सिग्नलची गोष्ट वेगळी. ते ना-नफा संस्थेचे आहे, जाहिरात नाही, कुलूप उत्तम. ठराविक काळाने निरोप आपोआप नाहीसे करण्याची सोय त्यात आहे, आणि घरगुती संवादाला ती शोभते. वैद्यकीय अहवाल, सोयरिकीची बोलणी, भावाभावांतील देण्याघेण्याचे हळवे विषय कायम साठून राहावेत असे कोणाला वाटते? पेढीला मात्र नाहीसे होणारे निरोप परवडत नाहीत. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपाव्या लागतात. सौद्याच्या होकाराचा निरोप वही नसला तरी वहीतील नोंदीचा आधार असतो. मोठ्यांची उदाहरणेही बोलकी आहेत. कर्मचारी खासगी मोबाइलवरील निरोपांतून धंद्याचे बोलत आणि त्यांची नोंद ठेवली जात नसे, एवढ्यावरून अमेरिकेच्या रोखे नियामकाने सप्टेंबर 2022 मध्ये 16 वित्तसंस्थांना एकूण 110 कोटी डॉलरहून अधिक दंड केला.

चेन्नईच्या झोहो कंपनीच्या अरट्टैचेही नाव बैठकीत निघाले. ते 2021 मध्ये आले आणि 2025 च्या शरद ऋतूत एकाएकी सर्वांच्या तोंडी झाले. स्वदेशी आहे, संगणकावर चांगले चालते. परंतु मानवतचा शेतकरी आणि लातूरचा दलाल तिथे नाही. आणि निरोपाचे साधन चार भिंतींच्या आत कितीही पारखले, तरी समोरचा माणूस जिथे असतो तिथेच जावे लागते, ही त्या निवडीतील सर्वांत मोठी अडचण आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर पेढी एकटी निवडू शकते, हे नाही.

घरातील वकील जावयांनी जालन्याचा दाखला दिला. 2014 च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद चालला. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रफितींवरून ठरायचे होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी निर्वाळा दिला की, मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर करून सिद्ध केले तर गोष्ट वेगळी. एरवी संगणकीय नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्येही प्रमाणपत्राची अट कायम आहे, उलट तज्ज्ञाच्या सहीची भर पडली आहे. मोबाइलच्या पडद्याचे छायाचित्र काढून ठेवले की पुरावा झाला, अशी मोंढ्यात सर्रास समजूत आहे. शेजारच्या जिल्ह्यातून दिल्लीपर्यंत गेलेला हा खटला तिला धक्का देतो. निरोप ज्या उपकरणात मूळचा आला ते उपकरण कोणाचे, कोणाच्या ताब्यात आणि किती वर्षे जपलेले, हे प्रश्न मग सॉफ्टवेअरच्या नावापेक्षा मोठे ठरतात.

बैठकीअखेर ठरले ते असे. व्हॉट्सॲप बिझनेसचे खाते पेढीच्या नावावर घेतलेल्या नव्या सिमवर उघडायचे. तो साधा मोबाइल गल्ल्यात राहील आणि पेढीचा संगणक फक्त त्यालाच जोडला जाईल. लँडलाइन क्रमांकावरही असे खाते उघडता येते, म्हणून धाकट्या भावाने दुकानाचा जुना दूरध्वनी सुचवला होता. पण दूरसंचार विभागाने 28 नोव्हेंबर 2025 रोजी निर्देश काढले की, निरोपाची खाती चालू सिमशी कायम बांधलेली असावीत आणि संगणकावरील खाते जास्तीत जास्त सहा तासांनी बंद होऊन पुन्हा क्यूआरने जोडावे लागावे. हे पाहता सिमच बरे, असे मत पडले. तो नियम पुरता अमलात आला तर मुनीमजींना दिवसातून दोनदा गल्ला उघडून मोबाइल संगणकापुढे धरावा लागेल. त्यांची त्याला हरकत नाही. किल्ली त्यांच्याचकडे असते.

पडद्याच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या निरोपातील मजकूर दिसणे बंद केले गेले. घरचे सर्वजण आपापल्या मोबाइलवर सिग्नलवर आले. ते पेढीच्या संगणकाला जोडायचे नाही, हा दंडक. खाली दुकान, मागे गोदाम आणि वर कार्यालय एकाच जाळ्यात असल्याने त्यांच्यातील आतल्या निरोपांसाठी आयपी मेसेंजर हे जुने, फुकट, जपानी साधन घेतले. त्याला ना क्रमांक लागतो ना इंटरनेट, आणि त्यावर कोणी सुप्रभाताची फुले पाठवीत नाही. ही गोष्ट किरकोळ समजू नये. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी क्षमापनेच्या चित्रांचा असा पूर येतो की, त्यात हिंगोलीला निघालेल्या ट्रकचा क्रमांक शोधताना मुनीमजींची दुपार जाते. आणि ज्यांच्याशी खरोखर बोलणे तुटले आहे त्यांनाही तेच तयार चित्र रवाना होते.

सर्वांत उपयोगाचा ठराव मात्र सॉफ्टवेअरचा नव्हताच. दिवसभरात निरोपांवर झालेला प्रत्येक सौदा संध्याकाळी सौदावहीत तारीख, वजन, भाव आणि दलालाच्या नावासह उतरवायचा आणि त्याची पक्की चिठ्ठी पेढीच्या ईमेलवरून दोन्ही पक्षांना पाठवायची. बाबूजींच्या वडिलांच्या काळी तारेमागून पोस्टाचे पत्र जाई, तेच हे. पहिल्या महिन्यात दोन दलालांना ते अविश्वासाचे वाटले. आता तेच सातच्या सुमारास विचारतात, "चिठ्ठी आली नाही अजून?"

नवा क्रमांक पेढीच्या दारावर रंगवला, पट्टीवर छापला, प्रत्येकाला कळवला. तरीही पाथरी, मानवत, सेलूकडचे जुने शेतकरी सोयाबीनचे छायाचित्र बाबूजींच्याच मोबाइलवर पाठवतात. बाबूजी त्यांना नव्या क्रमांकाकडे लोटत नाहीत. गादीवर बसून ते छायाचित्र निरखतात, ओलाव्याचा अंदाज बांधतात, त्या गृहस्थाचे नाव आणि पोत्यांची संख्या कागदाच्या तुकड्यावर लिहितात आणि तो तुकडा मुनीमजींच्या हाती देतात.