एका पिशवीतले तीन लेख

"आपला नेमका विषय कोणता?" असे कोणी विचारले की माझी पंचाईत होते. वैद्याला विषय असतो, वकिलाला असतो; मुक्त लेखकाला विषय नसतो, विषय असतात! कधी दहावी-बारावीनंतर काय करावे याचे सदर, कधी मधमाश्या, कधी मॉन्सून. संपादक मागतील ते लिहावे आणि मानधनाची वाट पाहावी. आमच्या घरी या उद्योगाला 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणतात, आणि महिनाअखेरीस मलाही ते पटते.

गेल्या पावसाळ्यात वाई ते महाबळेश्वर हा प्रवास घडला तो असेच तीन लेख एका पिशवीत घालून. एक पुस्तकांच्या गावावर, एक पावसावर आणि एक तरुणांच्या नोकरी-व्यवसायावर. बरोबर भाची होती. तिचे संख्याशास्त्राच्या पदवीचे शेवटचे वर्ष. निघताना तिच्या वडिलांनी मला बाजूला घेतले. "तिला जरा समजवा. बँकेच्या परीक्षा द्यायच्या सोडून लिहायचं म्हणते. तुमच्यासारखं!" त्या 'तुमच्यासारखं'चा सूर वाईपर्यंत कानांत घुमत होता.

वाईत कृष्णेच्या घाटावर गेलो, ढोल्या गणपतीला हात जोडले. पण माझे वाईचे खरे दैवत निराळे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम याच गावात उभे राहिले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. भाची म्हणाली, "म्हणजे मामा, तुझ्यासारखंच. सगळे विषय!"

"तसं नव्हे," मी म्हणालो. "तिथं ज्या त्या विषयाच्या जाणकाराकडून नोंद लिहून घेतली. सगळं एकट्यानं लिहिणारा तिथं कुणी नव्हता." बोलून गेलो खरा, पण तो टोला माझ्याच पाठीत बसला.

पसरणीचा घाट चढू लागलो तेव्हा वाईत नुसती भुरभुर होती. पाचगणीला छत्र्या उघडाव्या लागल्या. पुढे भिलारला वळलो. ४ मे २०१७ रोजी हे 'पुस्तकांचे गाव' झाले. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी पुस्तके मांडली गेली; कुणाच्या घरात, कुठे देवळात, कुठे शाळेत. आपण जावे, हवे ते पुस्तक काढून वाचत बसावे. मात्र या गावाचे पोट भरते ते स्ट्रॉबेरीवर. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

ज्या घरात आम्ही पुस्तके चाळीत बसलो होतो, तेथील शेतकऱ्याने चहा पुढे केला आणि आपले गाऱ्हाणे मांडले. पाऊस ओसरला की गादीवाफे घालून रोपे लावायची, थंडीत फळ धरायचे, असे वर्षानुवर्षांचे गणित. "पण आता पाऊस जायचं नाव घेत नाही," तो म्हणाला. "रोपं तयार असतात, अन् वाफ्यात पाणी. पावसानं आपली तारीख ठरवली, तर आम्ही आमची ठरवू."

भाचीने पिशवीतून वही काढली. मला वाटले, लेखाची सुरुवात सुचली असावी. पाहतो तो, ती आकडे मांडीत होती.

महाबळेश्वरला पोचलो तेव्हा समोरचा माणूस दिसत नव्हता. समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्रीच्या भिंतीवर चढते, थंड होते आणि येथेच रिते होते. म्हणून येथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस, आणि अवघ्या तीस-बत्तीस किलोमीटरांवरच्या वाईत हजारही नाही. वाई पर्जन्यछायेत, हे आपण शाळेत घोकलेले असते. त्या दिवशी ते अंगावर घेतले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा येथेच उभारली, यात नवल नाही. पावसाळ्यात ढगात शिरायला येथे विमान लागत नाही. दार उघडले की पुरे!

रात्री खोलीत बसून मी तिला माझ्या टिपणांतले आकडे सांगितले. जुलै २०२१ मध्ये येथे एका दिवसात सुमारे ५९४ मिलीमीटर पाऊस झाला. त्याच पावसात, २२ जुलैला, डोंगरापलीकडे महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे, पुण्याच्या त्याच संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात २०१७ साली दिसून आले.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, म्हणजे वाईच्या अर्ध्या वर्षाहून जास्त पाऊस इथं एका दिवसात! मग वर्षाची सरासरी सांगून काय उपयोग? सरासरी तीच राहील, पण दिवस बदललेले असतील. भिलारच्या त्या काकांना सरासरी नकोय, तारीख हवीय."

मी इतकी वर्षे पावसावर लिहितो आहे. प्रत्येक लेखात सरासरी दिली आहे. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी विषयांच्या दारांवरून हिंडलो, दाराशी बसून चहा प्यालो. ही मात्र हातात एक किल्ली घेऊन आत शिरली होती. मी तिला एवढेच म्हणालो, "लिही. अवश्य लिही. पण ही किल्ली टाकून देऊ नकोस. मी कुठलीच घडवली नाही, म्हणून सांगतो."

परत आल्यावर समजले की तिने हवामानशास्त्राच्या पुढील शिक्षणाची चौकशी चालवली आहे, आणि भिलारच्या स्ट्रॉबेरीवर एक लेखही लिहून ठेवला आहे. माझ्या तीन लेखांपैकी दोन अजून अपुरे आहेत.

परवा तिच्या वडिलांचा फोन आला. "काय, समजावलंत ना?"

"समजावणं झालं," मी म्हणालो, "पण कुणी कुणाला, ते विचारू नका."