पाहुण्यासाठी एक क्वार्टर

वाचकहो, आजीपासून नातवापर्यंत सगळे वाचतात अशा अंकात व्हिस्कीवर लेख पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पण बैल घेताना आपण दात पाहतो, बियाणे घेताना पिशवीवरची तारीख पाहतो, आणि बाटली मात्र अंधारात, चोरून घेतो. चोरून आणलेल्या वस्तूची पारख होत नाही. म्हणून हे लिहितो.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात लातूर-नांदेडकडे अतिवृष्टी झाली, त्यात आमचे सोयाबीन पाण्यात गेले. हरभऱ्याच्या बियाण्याला हातात पैसा नव्हता. तेव्हा नांदेडच्या माझ्या वर्गमित्राने न मागता दहा हजार रुपये पाठवले. मार्गशीर्षातल्या येळवसेला त्याला शेतावर बोलावले. येळवस म्हणजे पूजा, आंबील आणि भज्जी. त्या दिवशी बाटलीचे नाव नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्यासाठी चांगली व्हिस्की आणावी, असे मनात होते. वर्षातून एकदोनदा आम्ही दोघे घेतो.

मंडळी म्हणाली, "अहो, त्यांनी बियाण्याला दिलेल्या पैशातून त्यांनाच पाजणार का?"

मला उत्तर सुचले नाही. शेवटी दुधाच्या पैशातले चारशे रुपये तिने मोजून हातावर ठेवले.

अहमदपूरच्या वाटेवर एका ढाब्यावर मोठ्या नावाची अख्खी बाटली चारशेत मिळत होती. दुकानात तिचे दुपटीहून जास्त पडतात. हात पुढे गेलाच होता. झाकण पाहिले तर पट्टी एकदा फुटून पुन्हा चिकटवल्यासारखी. मी बाटली खाली ठेवली.

वाचकहो, भारी बाटलीत हलका माल भरून विकणे हा जुना धंदा आहे. पण प्रश्न नुसत्या फसवणुकीचा नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक ॲसिड होते. ते आधी डोळे घेते, मग जीव. वासाने किंवा चवीने ते ओळखू येत नाही. म्हणून पहिला नियम: परवान्याचे दुकान, शाबूत झाकण आणि त्यावरची उत्पादन शुल्काची खूण. यात पैसा वाचवू नये. घरची रिकामी बाटली भंगारात देतानाही लेबल फाडावे आणि झाकण चेपून टाकावे.

आता किंमत. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने शुल्क वाढवले, तेव्हा १८० मिलिलिटरचा किमान दर असा ठरला: देशी ८० रुपये, धान्यापासूनच्या 'महाराष्ट्र मेड' या नव्या वर्गाला १४८, आणि भारतीय बनावटीच्या विदेशीला २०५. म्हणजे आपल्या पैशातला मोठा वाटा कराचा. भाव जास्त म्हणजे माल तितकाच जास्त चांगला, असे समजू नका.

मालाची पारख लेबलावर होते. स्कॉटलंडात धान्य आंबवून, गाळून, ओक लाकडाच्या पिंपात निदान ३ वर्षे मुरवतात, तेव्हा त्याला व्हिस्की म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत मूळ मद्यार्क साखर कारखान्याच्या मळीचा, म्हणजे मोलॅसिसचा असतो. वर थोडी माल्ट व्हिस्की किंवा सुगंध, आणि जाळलेल्या साखरेचा रंग. युरोपात अशा मालाला व्हिस्की म्हणून विकू देत नाहीत. तेव्हा गडद रंगाला भुलू नका. मद्यार्क धान्याचा आहे असे लेबलावर स्पष्ट लिहिले आहे का, ते वाचा. एकाच किमतीच्या दोन बाटल्यांत धान्याची घ्यावी.

आणि पैसे कमी असतील तर दर्जा कमी करू नका, माप कमी करा. मी खंबा सोडून क्वार्टर घेतली, धान्याची, २३० रुपयांची. आपल्याकडची व्हिस्की बहुधा ४२.८ टक्क्यांची असते. त्या हिशेबाने एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम निव्वळ मद्यार्क जातो. दोघांना तो भरपूर झाला.

मित्राने बाटली पाहिली आणि हसला. "अरे, एवढीशीच?" मी त्याला ढाब्यापासून मंडळीच्या बोलण्यापर्यंत सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "वहिनींचं बरोबर आहे. भरपूर पाणी घाल." पोटात भाकरी-पिठले होते, गाडी दारात उभी होती, आणि तो रात्री मुक्कामाला राहिला. उरलेले १७० रुपये मी डब्यात परत टाकले. मंडळीने मोजले, पण काही बोलली नाही.

आता उरले ते स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात व्हिस्कीला वयाची २५ वर्षे पुरी लागतात आणि पिण्याचा परवानाही लागतो. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. जे घेत नाहीत त्यांनी हा लेख वाचून सुरुवात करू नये. ज्याचा हात दोनवर थांबत नाही, त्याला परवडणारी बाटली कोणत्याच दुकानात नाही. त्याने डॉक्टर गाठावा. आणि जो घेतो त्याने एवढे करावे: ज्या पैशाचा हिशेब घरात उजळ माथ्याने सांगता येईल, त्याच पैशातून घ्यावी.