धंतोलीहून दोन पत्रे

धंतोली, नागपूर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

नागपूर कोणी वसवले, याची इथे दोन उत्तरे मिळतात. एक, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास, ‘राजापूर बारसा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या जोडून. दुसरे, नागलोकांनी, फार पूर्वी. पहिल्याला इतिहास म्हणायचे आणि दुसऱ्याची दंतकथा म्हणून बोळवण करायची, असा रिवाज आहे. मला ही वाटणी पटत नाही. गाव वसणे आणि नाव पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. धंतोलीला लागून असलेली सीताबर्डी त्या बारांतली. लेंढ्रा, सक्करदरा, फुटाळा हीही त्यांतलीच. या नावांत नाग कुठे आहे? राजाने शहराला स्वतःचेही नाव दिले नाही (रोम वसवणाऱ्या रोम्युलसला तो मोह आवरला नव्हता). म्हणजे नाव या मुलखात आधीच असले पाहिजे. आणि ते होते: राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या 940 सालच्या देवळी ताम्रपटात ‘नागपूर-नंदिवर्धन’ हा प्रदेश येतो.

धंतोली, नागपूर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचा आक्षेप बिनतोड आहे. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन, तेव्हा ताम्रपटातले नागपूर याच जागी होते असे ठरत नाही. कबूल. पण मी अखंड वस्तीचा दावा करत नाही. नाव राजाहून साडेसातशे वर्षांनी जुने आहे, एवढेच म्हणतो. शहराचे नाव इथल्या नाग नदीवरून पडले आणि नदी नागासारखी वळते म्हणून ती नाग, हे दुसरे स्पष्टीकरण मात्र मला तोकडे वाटते. वळणांवरूनच नावे पडायची तर निम्म्या नद्या नाग झाल्या असत्या. अर्थात यामुळे नागलोक सिद्ध होत नाहीत, हेही खरे. तरी 14 ऑक्टोबर 1956 ची बौद्ध धर्माची दीक्षा नागपुरातच का, याचे कारण डॉ. आंबेडकरांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिले ते हेच: बौद्ध धर्म पसरवणारे नागलोक इथले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाला डिवचण्यासाठी हे शहर निवडले, हा तर्क त्यांनी साफ नाकारला. हा प्राचीन काळाचा पुरावा नव्हे, असे तुम्ही म्हणाल. नाहीच, तो 1956 चा पुरावा आहे. मूळकथेच्या जोरावर माणसे काय उभे करतात, हेही तिच्या इतिहासातच मोजायला हवे, आणि इथे दीक्षाभूमी उभी आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. एका बाजूला नाग आणि दुसऱ्या बाजूला नंतरचे भोसले राजे, यांच्यामध्ये गोंड राजे चेपले जातात. वाड्यांचे शहर करणारे तेच होते. बख्त बुलंदानंतरच्या चांद सुलतानाने राजधानी इथे आणली, तटबंदी बांधली. त्याच्या काळच्या जुम्मा तलावाचा पुढे शुक्रवारी तलाव झाला, म्हणजे नुसते भाषांतर. आता तो गांधीसागर आहे. धंतोलीहून तिथे चालत जाता येते.

आपला,
नाना