ठिकाण बरोबर, नकाशा चूक

मोबाइलमधील नकाशा पाहत बेंगळुरूत वाट काढणारा माणूस एकाच वेळी दोन गोष्टींवर विसंबतो. तो कुठे उभा आहे, हे उपग्रहांच्या संकेतांवरून ठरते. तिथे कोणता रस्ता आहे, हे मात्र कोणीतरी गोळा केलेली माहिती सांगते. पहिले अचूक असूनही दुसरे चुकू शकते.

सप्टेंबर २०१२ मध्ये याचा प्रत्यय जगाला आला. ॲपलने आयफोनच्या नव्या प्रणालीत गूगलचा नकाशा काढून स्वतःचा बसवला आणि अपडेट घेताच अनेक ठिकाणे भलतीकडे दिसू लागली. प्रमुख टिम कुक यांनी जाहीर माफी मागितली. ऑस्ट्रेलियातील मिल्ड्युरा शहर तर सुमारे ७० किलोमीटर दूर, पाण्याची सोय नसलेल्या राष्ट्रीय उद्यानात दाखवले गेले. तिकडे गेलेले काही प्रवासी २४ तासांपर्यंत अन्नपाण्याविना अडकले. उपग्रहांचा यात दोष नव्हता.

बेंगळुरूला मोजणीचा जुना वारसा आहे. १८०० मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी इथे सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा पोलादी साखळीने मोजली. आज शहराजवळच्या ब्यालाळू येथे इस्रोचे ‘नाविक’साठीचे केंद्र आहे. तरीही मेट्रोच्या कामासाठी बंद झालेला रस्ता किंवा बदललेली एकेरी वाहतूक ‘नाविक’च्या संकेतांत नसते. ती नोंद जमिनीवरच्या माणसालाच करावी लागते. नकाशातील चूक कळवणारा प्रत्येक वाटसरू लॅम्बटन यांचेच काम थोडेसे पुढे नेत असतो.