धुराची वाट

वाशिष्ठीच्या खाडीत आमच्या काकांची एक जुनी लाकडी लाँच होती. दुरुस्ती आणि बदल यांतला फरक आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवला. पण तो आम्हाला कळला तो त्या लाँचच्या सायलेन्सरपाशी, आणि त्याची किंमत काकांनी मोजली. त्याविषयी लिहायचे बरेच दिवस टाळत होतो.

लाँचला चार सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. त्याचा धूर लोखंडी धुराड्यातून केबिनमधून वर, छपराबाहेर जाई. पूर्ण वेगात तो नळ इतका तापे, की त्याच्यावर गुंडाळलेल्या दोरीला हात लागला तरी चटका बसे. ही दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची असे आणि तिचा भुगा केबिनभर उडे. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसाला काय करतात, हे तेव्हा खाडीवर कोणाच्या गावी नव्हते. आवाज तर असा, की काकांशी बोलायचे तर किनाऱ्यावरही ओरडावे लागे. त्यांचा उजवा कान जवळपास गेला होता.

१९९४ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही गावी गेलो ते एका परदेशी मासिकातली आकृती घेऊन. तीत धुराची ओली पद्धत दाखवली होती. समुद्राचे पाणी पंपाने ओढायचे, इंजिन गार करून झाले की तेच पाणी मॅनिफोल्डपुढच्या एल्बोमध्ये धुरात सोडायचे. धूर निवतो, आवाज दबतो, आणि लोखंडी धुराड्याऐवजी रबरी नळीतून धूर व पाणी दोन्ही मागच्या बाजूने बाहेर पडतात. केबिन थंड, काकांचा कान शाबूत. आम्हाला ती आकृती एखाद्या निर्दोष युक्तिवादासारखी वाटली. काका म्हणाले, "अरे, धूर वर जातो, पाणी खाली जातं. दोघांना एका नळीत कशाला कोंबतोस?" आम्ही हसलो. एका वेल्डरकडून आठ दिवसांत काम करून घेतले. काका पहिल्या फेरीहून आले ते हळू आवाजात बोलत. त्या संध्याकाळचा आमचा अभिमान आजही आठवतो आणि लाज वाटते.

चूक मापात होती. एल्बोमध्ये पाणी शिरते ती जागा पाण्याच्या पातळीपेक्षा पुरेशी वर हवी, एवढे आकृतीत होते आणि आम्ही ते पाळलेही होते. पण आम्ही माप घेतले ते रिकाम्या लाँचचे. एका रात्री ती चिरे भरून नांगरलेली होती आणि वीतभर खाली बसली होती. इंजिन बंद होते, पण पंपाचे रबरी पाते झिजलेले. खाडीचे पाणी त्यातून झिरपत एल्बोपर्यंत आले, सायलेन्सर भरला, आणि ज्या सिलिंडरचा धुराचा व्हॉल्व्ह उघडा राहिला होता त्यात उतरले. सकाळी काकांनी स्टार्टर मारला. तीन सिलिंडर पेटले, चौथ्यात पाणी होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला.

तो हंगाम काकांनी दुसऱ्याच्या होडीवर मजुरीने काढला. आम्हाला पत्रात त्यांनी एवढेच कळवले, की इंजिन उघडले आहे. दोष कोणाचा, हा शब्द त्या पत्रात नव्हता.

मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा मिस्त्री काम करत होते. ते जुने धुराडे परत बसवतील अशी आमची समजूत, किंबहुना तशी शिक्षा व्हावी अशी इच्छाही होती. त्यांनी ओली पद्धतच ठेवली. फक्त धुराची नळी आधी भरल्या लाँचच्या पातळीच्या बरीच वर नेली, तिथे पाणी सोडले, आणि मगच ती खाली वळवली. पाण्याच्या नळीलाही उंच वळसा देऊन त्याच्या माथ्यावर हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे इंजिन थांबले की ओढ तुटावी. आम्हाला म्हणाले, "मास्तर, पाण्याला बुद्धी नसते हो. उतार दिसला की ते जाणार. तुम्ही उतार ठेवलात."

१५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले, हे आम्ही दरवर्षी शिकवतो. शिकवताना बहुधा आवाज चढवून सांगत असू, की जुन्याला हात लावू नये. मिस्त्रींचे काम पाहिल्यावर ते वाक्य आम्ही सोडून दिले. एकनाथांनी हात लावलाच होता. पण आधी पाठ ओळखून. काकांचे धुराडे वेडेवाकडे, तापट, कर्कश होते. तरी ते एका प्रश्नाचे उत्तर होते, आणि तो प्रश्न भरल्या लाँचचा होता. उत्तर बदलायला हरकत नव्हती. आम्ही प्रश्नच वाचला नव्हता.

काका आता नाहीत. लाँच आमच्याकडे आहे, सुट्यांपुरती. खारे पाणी, उष्णता आणि डिझेलमधल्या गंधकाचे आम्ल मिळून एल्बोला आतून खातात. बाहेरून रंग शाबूत दिसतो. मागच्या कार्तिकात इंजिन काळा धूर टाकू लागले आणि जोर धरीना, म्हणून एल्बो उघडला, तर काजळी व मिठाने आतली वाट बोटभर उरली होती. नळीलाही चीर होती. हे हलक्यावारी घेण्याजोगे नसते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. अमेरिकेतल्या लेक पॉवेलवर २००० साली दोन लहान भाऊ हाउसबोटीच्या मागच्या फळीखाली साचलेल्या जनरेटरच्या धुराने गेले. धुराला बाहेरची वाट मिळाली नाही, तर तो माणसांच्या जागेत शिरतो. एल्बो आणि नळी दोन्ही नवी घातली.

त्या हंगामानंतर काकांनी एक सवय लावून घेतली होती. लाँच बांधली, की ते समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करीत आणि इंजिनची किल्ली त्याच्याच दांड्याला अडकवीत. सकाळी किल्ली हवी तर हात आधी व्हॉल्व्हला लागणार, आणि तो उघडायचा राहणार नाही. आम्हाला त्यांनी हे कधी समजावून सांगितले नाही. किल्ली आजही तिथेच अडकवतो.